मंगळवारी उतरवलेली टेप

गुरुबसप्पाच्या कारखान्याच्या दारात चनमल्लप्पा बराच वेळ नुसताच उभा होता. आत बारा यंत्रमाग खडखडत होते, टॉवेल विणले जात होते. चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यानं कुणापुढं हात पसरला नव्हता. तहान लागली तरी दुसऱ्याच्या दारात पाणी मागायला त्याला संकोच वाटायचा. आज मात्र मागितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"काय मामा, वाट चुकला का काय?" गुरुबसप्पा ओरडला. मागांच्या आवाजात इथं सगळे ओरडूनच बोलतात.

"जरा काम हुतं."

"मोठ्यानं बोला की!"

"माग बंद ठेवतोस का? तीन ते चार. तासभरच."

गुरुबसप्पा गोणीवरून उठला. "मामा, आज रविवार हाय. आपल्या गल्लीची सुट्टी मंगळवारी. त्या दिवशी काय करायचं ते करा."

"मंगळवारी उशीर हुईल. आज साडेचारच्या आत पाठवायचंय. टेप लई जुनी हाय, एकदाच वाजंल. तुझे माग चालू असले की माझी भिंत हलते."

"कसली टेप? भजनाची?"

"न्हाय. इंग्लंडचा बँड हाय. जुना."

"बँड? लग्नात वाजवत्यात तसला?" आतले दोघे कामगार खदखदून हसले, त्यातला एक म्हणाला, "अरे, मामांची वरात हाय आज!"

चनमल्लप्पाचे कान लाल झाले, पण तो तिथून हलला नाही. गुरुबसप्पानं त्याच्याकडं नीट पाहिलं. गेल्या वर्षी सहा नंबरचा माग चार दिवस बंद पडला होता, तेव्हा याच म्हाताऱ्यानं दारातूनच नुसता आवाज ऐकून बिघाड सांगितला होता. गिरणीत तीस वर्षं माग दुरुस्त करणारा जॉबर होता तो, मागांची दुखणी कानानं ओळखायचा.

"चारच्या ठोक्याला बटन दाबणार बघा," गुरुबसप्पा म्हणाला. "मग तुमचा नवरदेव घोड्यावर असला तरी!"

घरी ईरम्मानं मिक्सर आवरून ठेवला होता आणि खिडकीच्या फटीत चादर कोंबली होती. तिनं आयुष्यभर या कॅसेटींवरची धूळ पुसली होती. कपाटात तीनशे बारा कॅसेटी होत्या. सगळ्या एकाच बँडच्या, पण बाजारात मिळणारी त्यांत एकही नाही. वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या रात्री, प्रेक्षकांत बसून कुणी ना कुणी उतरवून घेतलेल्या मैफिली. त्या जमवणारे लोक त्या विकत नाहीत. एकमेकांना नक्कल पाठवतात आणि बदल्यात नक्कल घेतात.

"तीनशे कॅसेटी, अन् गाणी तीच पंधरा!" ईरम्मा पाहुण्यांना सांगायची. "तेच गाणं बावन्न येळा ऐकत्यात. मला एकदा हाक मारली की दुसऱ्यांदा ऐकू येत न्हाय."

"माग तोच, सूत तेच, पण रोजचा कपडा सारका निघतो का?" एवढंच तो म्हणायचा.

हे वेड त्याला लावलं डेनिससाहेबानं. एक्याण्णव साली गिरणीत नवे माग बसवायला इंग्लंडहून हा फिटर आला होता. सात महिने चनमल्लप्पा त्याच्या हाताखाली होता. जाताना साहेबानं त्याच्या हातात एक कॅसेट ठेवली. चौऱ्याहत्तर सालच्या एका रात्री, एका छोट्या सभागृहात, कोटाच्या आत यंत्र लपवून साहेबानं स्वतः उतरवलेली. त्या रात्रीची दुसरी टेप जगात कुणाकडं नव्हती. साहेब म्हणाला होता, मूळ टेप झिजवू नकोस. एकदा नक्कल कर आणि नक्कलच ऐक.

चनमल्लप्पानं ते शब्दशः पाळलं. पुढच्या वर्षी टेप वाजवायचं जुनं मशीन मिळालं तेव्हा त्यानं सेलवरच्या रेकॉर्डरवर नक्कल केली, मूळ टेप डब्यात ठेवली आणि नकलेच्या नकला जर्मनीपासून जपानपर्यंत पाठवल्या. तिकडं तिचं नावच पडलं, सोलापूर टेप. बँड त्या रात्री भन्नाट वेगानं वाजला होता, गाणीही अर्धा सूर वर चढवली होती. असं पुन्हा कधी झालं नाही. त्या वेगावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली. आता स्कॉटलंडच्या मॉरिनबाई साऱ्या मैफिलींचा मोठा संग्रह आणि पुस्तक तयार करत होत्या. त्यांना मूळ टेपवरून उतरवलेलं हवं होतं. मुदत आजची होती.

तीन वाजता माग थांबले आणि गल्ली एकदम मुकी झाली. मुलगी सिद्धेश्वरीनं पुण्याहून टेप वाजवायचं दुसरं मशीन तपासून पाठवलं होतं. लॅपटॉपवर काय दाबायचं तेही तिनं कागदावर लिहून दिलं होतं. फितीवरचा थर सुटायला लागला होता. हात लावला तर बोटाला तपकिरी भुकटी लागत होती. चनमल्लप्पानं श्वास रोखून बटन दाबलं.

पहिल्याच ठोक्याला त्यानं झटकन मान वर केली.

गाणं हळू होतं. फार नाही, थोडंसं. दुसरं कुणी असतं तर त्याला कळलंही नसतं. पण तीस वर्षं रोज ऐकलेली रात्र ही नव्हती. फीत अडकतेय का? त्यानं मशीनला कान लावला. चाकं सुरळीत फिरत होती. थांबवून बघावं, तर पुन्हा वाजण्याची खात्री नाही. तो बोटं आवळून बसून राहिला. ईरम्मानं फितीची भुकटी उडू नये म्हणून पंखा बंद केला.

पाऊण तासानं शेवटचं गाणं संपलं. टाळ्या वाजल्या आणि टाळ्यांमध्ये डेनिससाहेब शेजारच्या कुणाला तरी म्हणाला, अजून एक व्हायला हवं होतं.

नकलेत हा आवाज पोरासारखा चिरका होता. साहेब तेव्हा तरुण असेल, अशी चनमल्लप्पानं स्वतःची समजूत घातली होती. आता ऐकू आला तो गिरणीच्या खात्यात मागावर वाकून बोलणारा, घशातून येणारा, जाड, त्याच साहेबाचा आवाज. साहेबाला वारून वीस वर्षं झाली होती.

त्यानं ईरम्माची बाजारातून आणलेली भजनाची कॅसेट मशीनवर लावली आणि पेटीचा सूर धरून पाहिला. सूर जुळला. मशीनमध्ये खोट नव्हती.

"झालं न्हवं?" ईरम्मानं पंखा लावत विचारलं.

तो उत्तर देणार एवढ्यात चार वाजले. पलीकडं गुरुबसप्पानं बटन दाबलं, बारा माग एकदम सुरू झाले आणि डोक्यावरचा पंखा मंदावला.

चनमल्लप्पा पंख्याकडं बघतच राहिला. त्याला ब्याण्णव साल आठवलं. जुन्या मशीनच्या मोटरचा वेग ठरवणारा स्क्रू त्यानं पेटीशी सूर जुळवून बसवला होता, तो कामाच्या दिवशी, गल्लीतले माग चालू असताना, वीज दबलेली असताना. आणि नक्कल केली ती मंगळवारी. खडखडाट टेपवर येऊ नये म्हणून मुद्दाम सुट्टीचा दिवस निवडला होता. माग बंद, वीज पूर्ण, मोटर जोरात, आणि उतरवून घेणारा सेलवरचा रेकॉर्डर मात्र नेहमीच्याच वेगात. नक्कल केल्यावर शेवटी अडीच मिनिटं फीत कोरी उरली होती. तेव्हा त्याला वाटलं होतं, दुकानदारानं कॅसेट चांगली भरून दिली!

बँड त्या रात्री वेगात वाजलाच नव्हता. वेग या गल्लीतल्या विजेचा होता.

"काय झालं? तोंड का असं?"

त्यानं सांगितलं. ईरम्मा पदर हातात धरून ऐकत राहिली.

"म्हणजे तुमच्यामुळं सगळं जग चुकीचं ऐकतंय? यव्वा!"

साडेचारला पंचवीस मिनिटं होती. सिद्धेश्वरीच्या कागदावर खालच्या बाजूला लिहिलं होतं, वेग कमीजास्त करायचा असेल तर इथं दाबा. चनमल्लप्पानं दाबलं. सहा टक्के वाढवलं. बँड पुन्हा ओळखीचा झाला, सोलापूर टेप जशीच्या तशी. असंच पाठवलं तर कुणालाही कळणार नव्हतं. मॉरिनबाईंच्या पुस्तकातलं त्या रात्रीचं पान खरं राहिलं असतं आणि त्याचं नाव राहिलं असतं. त्या जगात त्याला दुसरं काही नव्हतंच. कुणी त्याला पाहिलेलं नव्हतं, त्याचा आवाजही ऐकलेला नव्हता.

"पाठवा मग," ईरम्मा हळूच म्हणाली. "कोण बगतंय?"

त्यानं शेवट ऐकला. टाळ्या वाजल्या आणि साहेब चिरक्या पोराच्या आवाजात बोलला.

चनमल्लप्पानं वेग होता तिथं आणून ठेवला. मग एकेक अक्षर शोधत मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं लिहिलं. स्क्रू, माग, मंगळवार, अडीच मिनिटं. चूक माझी आहे, बँडची नाही, असं शेवटी लिहिलं आणि चार सत्तावीसला पाठवून दिलं. संग्रह करणाऱ्या सगळ्यांना.

पावणेपाचला मॉरिनबाईंचं उत्तर आलं. दोनच ओळी. मिळालं. त्या रात्रीवरचं माझं पान काढून टाकते.

"शिव्या दिल्या का?"

"न्हाय." त्यानं मूळ टेप परत डब्यात ठेवली. "शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

मग जर्मनीहून वॉल्टरचा ई-मेल आला. पहिली नक्कल याच माणसाला गेली होती. त्यानं लिहिलं होतं: तुमची टेप आली तेव्हा मला वाटलं, माझंच मशीन बिघडलं. मी माझ्या मशीनचा स्क्रू फिरवून ती हळू करून घेतली. इतकी वर्षं तशीच ऐकतोय. बाकी सगळे वेगाचं कौतुक करत होते, म्हणून बोलायला लाज वाटली.

चनमल्लप्पानं ते दोनदा वाचलं.

"मामा!" बाहेरून गुरुबसप्पा ओरडला. "लागली का वरात मांडवाला?"

तो दारात गेला. "लागली," त्यानं पहिल्यांदाच मोठ्यानं ओरडून सांगितलं. "पण तुझा चार नंबर बग. ठोका उशिरा पडतोय."