एकोणीस अंशांची खुंटी

पालमच्या अलीकडे एका माळावर मी एक खुंटी ठोकली होती. त्या खुंटीमुळे एका बाईची जवळजवळ निम्मी तूर गेली. त्या दिवसांनंतर हे मी आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही.

हौशी रेडिओचा परवाना मिळाला तेव्हा मी परभणीत माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होतो. घर भाड्याचं होतं. गच्चीवर एरियलची तार ताणू द्यायला मालक कसेबसे तयार झाले होते. संध्याकाळी तासभर मी सेटवर बसे, आणि मद्रासकडचा, बंगालकडचा, क्वचित रशियातला कुणी माझ्याशी दोनचार वाक्यं बोले. बोलणं झालं की दोघांनी एकमेकांना टपालाने कार्ड पाठवायचं. त्यावर वेळ, आवाज कसा आला आणि आपण कोणत्या चौकटीतून बोललो हे लिहायचं.

ही चौकट म्हणजे साधी गोष्ट आहे. पृथ्वीवर रेघा कल्पून तिचे चौकोन पाडलेले आहेत, दोन अंश रुंद आणि एक अंश उंच. प्रत्येकाला दोन अक्षरं आणि दोन आकडे. परभणी एमके ८९ मध्ये येते. एकोणीस अक्षांशाच्या खाली उतरलं की एमके ८८ सुरू होते. जास्तीत जास्त चौकटी गोळा करायच्या, हा आमच्यातल्या अनेकांचा नाद. आणि कुणी नेमका दोन चौकटींमधल्या रेघेवर बसून बोलला, तर समोरच्याला एकाच बोलण्यात दोन्ही मिळतात. एकोणीस अंशांची रेघ पालमच्या जवळून जाते हे कळल्यावर मला तिच्यावर बसायची हाव सुटली.

पण रेघ शोधायची कशी? शाळेच्या नकाशावहीत पालम नव्हतंच. अंगणात काठी रोवून आठवडाभर दुपारची सावली मोजली. उत्तर कधी सव्वाएकोणीस येई, कधी साडेएकोणीस. पाव अंश म्हणजे अठ्ठावीस किलोमीटर, म्हणजे ते साधन निकामी. शेवटी हैदराबादला जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर इंचाला चार मैल प्रमाणाचा सरकारी नकाशा मिळाला. एक जुनी एक्स-रे फिल्म सोड्याच्या पाण्यात धुऊन पारदर्शक केली, तिच्यावर सुईने मिलिमीटरच्या रेषा ओढल्या आणि ती नकाशावर ठेवून पालमच्या सडकेला रेघ कुठे छेदते ते काढलं. नकाशात सडक एका नाल्यावरून जाते. तिथून दक्षिणेला अकराशे ऐंशी मीटर. माझं एक पाऊल बहात्तर सेंटिमीटरचं. सोळाशे एकोणचाळीस पावलं.

"दळण संपलंय, आणि तुम्ही रेघ शोधायला निघालात," बायको म्हणाली. दळण आणून दिलं आणि रविवारी पहिल्या एसटीने गेलो.

पावलं मोजत गेलो ती सडकेच्या कडेच्या माळावर, एका तुरीच्या शेतात संपली. पन्नाशीची एक बाई खुरपत होती.

"मावशी, इथं एक खुंटी ठोकू का? तुरीला धक्का लावत नाही."

"ठोका की सायेब. आमी वाटच बघायलाव कवापासून."

कशाची वाट, हे मी विचारलं नाही. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. खुंटी ठोकली, लांबून दिसावी म्हणून तिला लाल चिंधी बांधली, दोन बाभळींमध्ये तार ताणली आणि बॅटरीवर सेट चालू केला. तीन तासांत अकरा जण बोलले. सगळ्यांना सांगितलं, मी रेघेवर आहे. सडकेवरून जाणाऱ्या कुणी विचारलं, तर त्यालाही हेच सांगितलं. निघताना बाईंना म्हणालो, "खुंटी राहू द्या, पुढच्या रविवारी येतो."

"काडतंय कोन! राखन करीन तिची."

पुढच्या रविवारी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता. दोन गाड्यांच्या काचा फुटल्या होत्या आणि बाकीच्या स्टँडातच उभ्या होत्या. त्याच्या पुढच्या रविवारी कचेरीत तपासणी निघाली. मी गेलो तो तिसऱ्या रविवारी.

सडकेवरच्या हॉटेलात चहाला थांबलो. मला बघताच मालक ओरडला, "आले, रेघवाले सायेब आले! ह्यांचा चहा माझ्याकडून."

बाकड्यावर टोपी घातलेले एक शेतकरी बसले होते. त्यांची जमीन त्या तुरीच्या उत्तरेला लागून होती. ते म्हणाले, "सायेब, लय चांगलं काम केलं. आता रेघेच्या वरलं गायरान न्हाई, हे सरकारनंच ठरवून दिलं."

"कोणत्या रेघेच्या?"

"घ्या! ठोकनारेच इचारायलेत, कोनती!" सगळे हसले.

मग मला कळलं. तो माळ गावचं गायरान होता. बौद्ध वस्तीतली काही घरं पंधराएक वर्षं तो कसत होती. अशी वहिवाट सरकार कायम करणार आणि त्याआधी मोजणी होणार, असं तेव्हा गावोगाव बोललं जात होतं. बाई मोजणीची वाट बघत होत्या. शेजारचे शेतकरीही बघत होते. दोघांनीही माझी खुंटी मोजणीची समजली, आणि शेजाऱ्यांनी खुंटीच्या उत्तरेचं ते आपलं, असा अर्थ लावून तुरीत गुरं घातली.

शेतात गेलो. उत्तरेच्या बांधापासून खुंटीपर्यंत चाळीस पावलं गुरांनी खाल्लेल्या तुरीचे नुसते सोट उभे होते. खुंटीपासून दक्षिणेची पंचावन्न पावलं तूर जशीच्या तशी होती. लाल चिंधी अजून खुंटीवर होती.

बाई बांधावर बसल्या होत्या. "सायेब, तुमी कोन हाव?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. रेडिओ, पृथ्वीवरचे चौकोन, रशियातला माणूस.

"म्हंजी तुमी सरकारचे न्हाव?"

"नोकरी सरकारची आहे. खुंटी माझी आहे."

"आन बोलायला रेघ लागती व्हय?"

मग त्या उठून म्हणाल्या, "मंग येक करा. ही खुटी उपसा आन तितं बांधाला ठोका. चाळीसच पावलं हायती. तुमच्या हातानं ठोकली तर कोनी न्हाई म्हननार न्हाई. गेली ती तूर गेली, जमीन तरी ऱ्हाईल."

"मावशी, ते खोटं होईल. रेघ तिथं नाही."

"हितं तरी हाय का? मला तर दिसंना."

मी ऐकलं नाही. खुंटी उपटली, पण दुसरीकडे ठोकली नाही. मला वाटलं, खरं सांगितलं की काम होईल. हॉटेलात परत गेलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं की या खुंटीचा जमिनीशी काही संबंध नाही. वहीचं पान फाडून तसं लिहून सही केली. टोपीवाल्यांनी ते मोठ्याने वाचलं.

"म्हंजी परभनीहून तुमी हवेतली रेघ बघायला आलाव?" कुणीतरी म्हणालं. पुन्हा हसणं. मग टोपीवाल्यांनी शांतपणे विचारलं, "आडनाव काय म्हनलात?"

सांगितलं. त्यांनी बाकीच्यांकडे एकदा पाहिलं.

"हां. खुटी ठोकली तवा सरकारचे हुते. आता कागद द्यायलेत तर वस्तीतल्यांच्या घरचे झाले." कागदाची घडी त्यांच्या खिशात गेली.

परतीच्या गाडीत मी वही उघडली. आकडे बघितले की मला बरं वाटतं, म्हणूनच उघडली असेल. त्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर अडीचशे मीटर. माझ्या पेन्सिलीची रेघ अर्ध्या मिलिमीटरची, म्हणजे सव्वाशे मीटर जाड. बाईंचं सगळं शेत लांबीला पंचाण्णव पावलं, अडुसष्ट मीटर. अख्खं शेत त्या एका रेघेच्या जाडीत बसून वर जागा उरत होती. खुंटी चाळीस पावलं सरकवली असती, तर ती आधीच्यापेक्षा कणभरही जास्त खोटी झाली नसती. ज्या खरेपणासाठी मी त्यांना नाही म्हणालो, तो माझ्याकडे नव्हताच. आणि हा गुणाकार मी घरून निघण्याआधीच करायला हवा होता.

रात्री बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. "मग जा आणि ठोकून या," ती म्हणाली. "पण या वेळी आधी त्या बाईंना विचारा, त्यांना काय हवंय ते."

मी अकरा जणांना पत्रं लिहिली की मी रेघेवर असल्याचं सिद्ध करू शकत नाही, दोन चौकटींची कार्डं रद्द समजावीत. त्यांतल्या सात जणांची उत्तरं आली, सगळी प्रेमळ. त्यांचं काहीच बिघडलं नव्हतं.

मग रजा काढून निघालो. वाटेत उतरून तहसील कचेरीत गेलो. जे घडलं ते एका अर्जात लिहून नेलं होतं, जागेचे अंश आणि मिनिटं घालून. कारकुनाने अर्ज दोनदा वाचला.

"हे अंश राहू द्या. गट नंबर काय? त्यात कोणाचा तुकडा?"

"तो माहीत नाही. पण जागा मी नकाशावर दाखवतो."

"नंबराशिवाय मी हा अर्ज कोणत्या गावात लावू, साहेब? आणा, मी घेतो." तो चांगलाच बोलला. रांगेतला मागचा माणूस पुढे सरकला.

माळावर पोचलो तेव्हा दुपार झाली होती. खुंटीच्या जागेपासून सरळ ओळीत चुना लावलेले दगड मांडले होते. त्यांच्या उत्तरेला नांगर फिरला होता, सोटही उरले नव्हते. बाई खालच्या पट्ट्यात शेंगा तोडत होत्या.

"मावशी, तुम्ही म्हणाल तिथं खुंटी ठोकायला आलोय."

त्यांनी दगडांकडे बोट केलं. "आता खुटीला कोन इचारतंय?"

मी अर्जाचं सांगितलं. साक्ष द्यायला मी उभा राहीन, फक्त तुमच्या तुकड्याचा नंबर हवा, म्हणालो.

त्यांनी ओटीतल्या शेंगा टोपल्यात रिकाम्या केल्या. "माज्या नावावर लंबर असता सायेब, तर तुमची खुटी बघून मी कशाला हरकले असते?"

आणि त्या पुढच्या झाडाकडे वळल्या. मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांना विचारून पलीकडच्या ओळीच्या शेंगा तोडायला लागलो. पाचच्या गाडीपर्यंत दोन ओळी झाल्या.