बुरशीचं गिऱ्हाईक

कसब्यातले माझे चष्मेवाले यंदा लोकसभेला अपक्ष उभे होते. लोक त्यांना पाणी आणि पार्किंगबद्दल विचारत. ते विज्ञान धोरणावर बोलत. सरकारनं प्रयोगशाळा चालवू नयेत, ज्याला शोध हवा त्यानं पैसे मोजावेत, हे त्यांचं ठाम मत. मी तीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत बुरशीवर काम करून निवृत्त झालेला. हे कळल्यावर माझ्या चष्म्याची काच पुसता पुसता त्यांनी विचारलं होतं, "अहो, पण तुमच्या बुरशीला गिऱ्हाईक कोण?"

मत मागायला घरी आले तेव्हाही आडपडदा नव्हता. "निवडून आलो तर तुमची प्रयोगशाळा बंद करायला लावीन. आधी सांगितलेलं बरं." चहा मात्र पूर्ण प्यायले.

शनिवार पेठेतल्या त्यांच्या सभेला मी गेलो, तो खरं तर रागानं. खुर्च्या पन्नास, आणि ऐकायला मी आणि मांडववाला. गृहस्थ चाळीस मिनिटं बोलले, एकही मुद्दा न गाळता. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "काही प्रश्न?"

मी उठलो. "तुमच्या या भाषणाला गिऱ्हाईक कोण?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"आज कुणी नाही," ते म्हणाले. "म्हणून बोलायचंच नाही का? कधीतरी कुणाला तरी उपयोग होईल."

तीस वर्षं माझ्या प्रत्येक अहवालाच्या शेवटी मी हेच लिहीत आलो होतो. मी खाली बसलो आणि एकट्यानं टाळ्या वाजवल्या.