तीन मिलिमीटरची फट

पत्नीला काचबिंदू झाला. दोन वर्षांत तिच्या दृष्टीतून आधी कडेचे सारे गेले, मग अक्षरे, मग चेहरे. उरला तो उजेड आणि अंधार यांतला फरक. माधव नगरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले, "हाही किती दिवस राहील, सांगता येत नाही." त्या उरलेल्या उजेडासाठी मी परसात एक छोटी खोली बांधायचे ठरवले. तिथे कुंड्या, खुरपी, खताची पोती राहतील आणि तिला हाताने चाचपत रोपे लावत बसता येईल.

एका बाजूला कंपाउंडची विटांची भिंत होतीच. बाकी तीन बाजू आणि छप्पर दुधी पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे जाड प्लास्टिकच्या पत्र्यांचे करायचे होते. या पत्र्यांतून आरपार दिसत नाही, पण प्रकाश मुबलक येतो. त्यांच्या पोटात पोकळ नळ्या असतात. त्या उभ्या ठेवाव्यात, म्हणजे आत साचलेले पाणी निथळते. हे सर्व मी दुकानदाराकडून वहीत उतरवून घेतले होते. लोखंडी चौकट फ्रीगंज बाजारातल्या वेल्डरने उभी केली, मापे मात्र मी घेतली. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवले असल्याने माझ्या लेखी माप म्हणजे माप. पत्रा चौकटीत नखभरही हलता कामा नये आणि छिद्र स्क्रूएवढेच हवे.

"मास्साब, थोड़ा ढीला रखिए," वेल्डर म्हणाला.

"ढीला काम हमारे यहाँ नहीं चलता."

फाल्गुनात खोली तयार झाली. पत्नी रोज सकाळी तिथे वेताचा बुटका मोढा टाकून, पूर्वेच्या पत्र्याकडे तोंड करून बसू लागली. मी बाहेरून गेलो की पत्र्यावर सावली सरके आणि ती आतून म्हणे, "आलात? झारी आणा जरा." कित्येक महिन्यांनी ती मला बघून हाक मारत होती.

चैत्र सरता सरता ऊन तापले. पत्र्यांना पसरायला जागाच नव्हती. ते मधोमध फुगून वाकले आणि दुपारी कटकट वाजू लागले. रेल्वेच्या रुळांत फट का ठेवतात, हे मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवत आलो होतो.

"राहू द्या ना टेढं," पत्नी हसली. "उजेड तर सरळच येतोय."

"अगं, चूक आहे ती. दुरुस्त नको करायला?"

"चूक तुमची आणि शिक्षा माझ्या सकाळींना?"

मी ऐकले नाही. पत्रे उतरवले, त्यांवर क्रमांक घातले. मग एक पत्रा उन्हात ठेवून आठ दिवस सकाळी सहाला आणि दुपारी तीनला त्याची लांबी मोजली. दोन मीटरला तीन मिलिमीटरचा फरक पडत होता. तेवढी फट सोडून पत्रे कापायला वेल्डर हवा होता. तो लग्नसराईच्या मंडपांत अडकला. "बस, परसों आता हूँ, मास्साब." असे कित्येक परवा गेले. पत्नी मधल्या खोलीत बसे, जिथे दिवसाही दिवा लावावा लागतो. आधी ती रोज विचारी, "झाली का खोली?" मग विचारेनाशी झाली. तिला माझे म्हणणे पटले, असा मी अर्थ काढला.

ज्येष्ठात काम पुरे झाले. एकही पत्रा वाकला नव्हता. सकाळी मी तिला हात धरून नेले. तिने मोढा स्वतःच चाचपून ओढला आणि बसली. तिचे तोंड विटांच्या भिंतीकडे होते. पूर्व तिच्या पाठीमागे राहिली.

"कसा वाटतो उजेड?" मी विचारले.

"छान," ती विटांकडे पाहत म्हणाली. "आता अगदी समोरून येतोय."

वर्गात चुकीचे उत्तर मी कधी तसेच सोडले नाही. तिला वळवण्यासाठी माझा हात तिच्या खांद्यापर्यंत गेलाही होता. तो मी तिथेच राहू दिला.

"हो," मी म्हणालो, आणि पायाने दुसरा मोढा ओढून तिच्याशेजारी, त्याच भिंतीकडे तोंड करून बसलो.