आईवर उगवलेलं झाड

होळीच्या चार दिवस आधी राहुरीहून वहिनीचा फोन आला. "वन्सं, तुमचे आप्पा गेले हो…" सकाळी गुरांना वैरण टाकून ओट्यावर टेकला, तो उठलाच नाही. संगमनेरहून निघाले, तर वाटभर मला त्याचा रागच येत होता. थोरला भाऊ असा न सांगता जातो का?

आई गेली तेव्हा आप्पानं तिची राख नदीत सोडली नाही. घरामागं बांधाला खड्डा घेऊन त्यात घातली आणि वर झाड लावलं. आमच्याकडं आता बरेच जण असं करतात. भावकीतल्या कुणीतरी घाईघाईत टेम्पोतून रोप आणलं होतं. वाऱ्यानं पानं झडलेली, नुसती काडी! कसलं आहे, हे विचारायचं भान कुणाला होतं? पण पुढं आप्पानं ध्यासच घेतला. "अगं, आईवर काय उगवलंय हे तरी कळाय नको का?" पावसाळ्यात पंजासारखी पानं फुटली, तेव्हा सगळे म्हणाले, काटेसावर. पण खोडाला काटा काही येईना. हिवाळ्यात पानं गळाली, की वहिनी म्हणायची, वाळलं. आप्पा नखानं साल खरवडून आतला हिरवा रंग दाखवायचा. अशीच वर्षं गेली… मग एका फाल्गुनात उघड्या फांद्यांना तांबूस फुलं आली आणि असा घाण वास सुटला, की मेलेला उंदीर शोधत आम्ही घर पालथं घातलं. आप्पा झाडाखाली जाऊन आला. "भिंगारला रस्त्याकडंला असतंय बघ, जंगली बदाम. तेच हाय हे!" इतका खूश, जणू आईच भेटली.

वहिनी कसली खूश होतेय! "सैपाकघरात बसवत न्हाई. तोडा ते." आप्पाचं एकच, "आई हाय तिथं." दर फाल्गुनात हे भांडण व्हायचं आणि फुलं गळून बोंडं धरली की मिटायचं.

यंदा आप्पाची राख घेऊन गेलो, तेव्हा झाड ऐन फुलात होतं. त्याच्या मुलानं केशर आंब्याचं कलम आणलं होतं, खात्रीचं. वहिनीनं ते बाजूला सारलं. "त्यांना त्यांच्या आईपाशीच ठेव." राख मातीत मिसळली. सगळे घराकडं वळले, तरी ती त्या वासात बसून राहिली. मीही बसले.

"वन्सं, मलाबी हितंच आना," ती म्हणाली, "पन फुलं नसतील तवा."

मी हो म्हटलं खरं. पण ते काय आपल्या हातात असतं?