पुण्याचा सर्व्हर, पांढुर्ण्याचं अंगण

चहा ठेवा बाप्पा खाली आधी! मागं एकाले हे सांगता सांगता त्याले असा ठसका लागला का विचारू नका. तुम्ही हसाल, हसा. मले मात्र अजून तोंड लपवावं वाटते.

माझी नोकरी पुण्याची, अन् बायको इकडं सौसरले शाळेत मास्तरीण. पोरगी तर मले मोबाईलमधलाच बाबा समजे. म्हणून कायमचं घरून काम करू द्या, असा अर्ज टाकला. साहेब म्हणाले, "आठवडाभर करून दाखवा. नेटवर्कचं काही लफडं झालं, की परत पुण्याला."

शेवटच्याच दिवशी सौसरची लाइट गेली! लॅपटॉप उचलला अन् पांढुर्ण्याले सासुरवाडीत येऊन अंगणात खाटेवर बसलो. वर इस्त्रीचा शर्ट, खाली मामाजींचा, म्हणजे सासऱ्यांचा टॉवेल. मीटिंगमध्ये कंबरेखालचं कोण पाहते जी?

व्हीपीएन लावलं. म्हणजे घरी बसून ऑफिसच्या आतल्या नेटवर्कात शिरायची वाट. मग सर्व्हरचं नाव टाकलं. मोबाईलमध्ये नाव दाबलं की नंबर लागते ना, तसंच इथं डीएनएस नावावरून नंबर काढून देते. पण उघडलं काय? भलतंच काळं पान, पासवर्ड मागून राहिलं!

साहेबाले फोन लावला. "साहेब, डीएनएस चुकीचा नंबर देऊन राहिला!"

"अहो, इथे तर सगळं नीट उघडतंय."

नंबर तपासला. नंबर बरोबर! नाव बरोबर, नंबर बरोबर, अन् पान भलतंच. याचा मतलब काय निघते, तुम्हीच सांगा?

"साहेब, सर्व्हर हॅक झाला!"

"मग आम्हाला कसं दिसत नाही?"

"चोर हुशार आहे जी! तुम्हाले जुनंच पान दाखवून राहिला!"

इतक्या ठसक्यात बोललो का साहेबांनी घाबरून सर्व्हरच बंद केला. साऱ्या कंपनीचं काम ठप्प. अन् माझ्याकडं? पान चालूच!

"पहा साहेब! बंद सर्व्हर बी चालवून राहिला तो!"

आता तरी डोक्यात प्रकाश पडावा ना माणसाच्या? नाही पडला.

मीटिंगमध्ये सारेच जमले. मोठे साहेब बी आले. आमचे साहेब म्हणाले, "नाव सोडा. सरळ नंबर टाका आणि स्क्रीन सगळ्यांना दाखवा."

नंबर टाकला. अन् पासवर्ड आपोआपच भरला गेला! म्हणजे माझ्या लॅपटॉपनं तो याच नंबरावर आधीच जपून ठेवला होता. लक्षात येईस्तोवर बोट दाबून चुकलं होतं.

पडद्यावर अंगण उघडलं. सासूबाई वड्या घालून राहिल्या. मामाजी संत्री निवडून राहिले. अन् मधात खाटेवर एक माणूस, शर्ट अन् टॉवेलात.

"हे कोण गृहस्थ?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

मी डोकं धरलं. त्या माणसानं बी धरलं.

मामाजी तिकडूनच ओरडले, "काय झालं जवाईबापू? तब्येत बरी नाही का?" तेही साऱ्यांनी ऐकलं.

झालं असं, का दिवाळीत अंगणातला तो कॅमेरा मीच बसवला होता. "आमचे जवाई कॉम्प्युटरवाले," म्हणून मामाजी साऱ्या गल्लीले सांगत फिरत होते, अन् मी बी फुगलो होतो. सासरच्या वायफायवर कॅमेऱ्याले नंबर द्यायची वेळ आली, तर सवयीनं ऑफिसच्या सर्व्हरचाच देऊन टाकला! डीएनएस बिचारा बरोबर नंबर सांगून राहिला, पण लॅपटॉपले तो घरातच, कॅमेऱ्यावर सापडे, मग पुण्याले जाईल कायले?

हे सारं मलेच समजावून सांगा लागलं. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटून राहिलं. नोकरी गेली म्हणून समजलो. पोरीचं तोंड डोळ्यापुढं आलं.

मग साहेब म्हणाले, "तुमचा अर्ज मंजूर करतो."

"काय म्हणता साहेब! खरंच?"

"खरंच. तुम्ही आमच्या सर्व्हरपासून जितके लांब राहाल, तितकं बरं."

मामाजींनी तेवढा 'मंजूर'च ऐकला. साऱ्या गल्लीत पेढे वाटले, "आमच्या जवाईचं काम पाहून साहेब खूश झाले!" अन् मी? मान खाली घालून पेढा खाऊन राहिलो होतो. नाही म्हणावं, तर कारण सांगा लागलं असतं.