गोधड्यांच्या खोलीतला आवाज

कोणाच्याही घरात पाऊल टाकताच आधी एक टाळी वाजवून पाहणारा माणूस अख्ख्या पनवेल तालुक्यात एकच असेल आणि तो नेमका आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आला. न्हावा शेव्याला तीस वर्षं ट्रेलर चालवून निवृत्त झालेले हे काका टाळी वाजवत, मान तिरपी करून ऐकत आणि निकाल देत, "तुमचा हॉल घुमतो." तिसऱ्या मजल्यावरच्या वास्तुशांतीला त्यांनी अशीच टाळी वाजवली, तर लोकांना वाटलं आरती सुरू झाली, भटजी अजून कलश मांडत होते आणि इकडे निम्मी मंडळी गायला लागली. माझ्या गणिताच्या क्लासचे व्हिडिओ पाहून तर ते तावातावाने दार ठोठावत आले होते. "मॅडम, तुमी इहिरीत बसून शिकवता काय?"

या वेडामागचं कारण हसण्यासारखं नव्हतं. काकू धवलारीण होत्या. आगरी लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत धवले गाणारी बाई. सगळी गाणी तोंडपाठ, लिहिलेलं एक अक्षर नाही. गेल्या वर्षी त्यांचा आवाज बसला तो सुटेचना, म्हणून पनवेलला दाखवलं. गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागणार होतं आणि हातात जेमतेम तीन आठवडे होते. काकांनी त्याच संध्याकाळी काकूंना हॉलमध्ये बसवून मोबाइलवर गाणी घेतली, पण नव्या फ्लॅटच्या उघड्या भिंती, टाइल्स आणि काचा यांत शब्द शब्दावर आदळून सगळा गलका झाला. तेव्हापासून ते घुमण्याच्या मागे लागले.

मऊ वस्तू आवाज पितात, हे त्यांना कळलं मात्र, इमारतीत कोणाचं अंथरूण सुरक्षित राहिलं नाही. वाळत घातलेल्या रजया गायब होत, त्या काकांच्या बेडरूममध्ये दोरीवर सापडत. भिंतींना गाद्या, दाराला सतरंजी, जमिनीवर गोधड्या. माइक काकूंच्या हनुवटीपासून वीतभर अंतरावर. पंख्याची घरघर नको म्हणून तोही बंद. काकू घामाने निथळत. "ऑपरेशनच्या आदी मी उकाड्यानंच जाईन," त्या म्हणत, तरी गात. मी संगणकावर आवाज साफ करून पाहिला. घुमणं गेलं, पण काकूंच्या आवाजातली खरखरही गेली. काकांनी डोळे मिटून ऐकलं. "साफ हाय," ते म्हणाले, "पन ही बाई आमच्या घरातली नाय." मग मी तो नाद सोडला आणि माझी गादीही त्यांना देऊन टाकली.

हळदीचा एक मोठा धवला होता, काकूंना त्यांच्या आईने शिकवलेला. तो त्यांनी शेवटी ठेवला होता. त्या दिवशी मी तिथेच होते. काकूंनी सूर उचलला की काका हात वर करत, "थांब, कपाटाचा पत्रा वाजतो." कपाटावर चादर टाकली. पुन्हा सुरुवात. "थांब, वरच्यांचा मिक्सर." पुन्हा. "थांब, जरा घुमला." सातव्या वेळी काकूंनी तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. पाणी प्यायल्या, गरम दूध प्यायल्या, थोडं पडून राहिल्या. आवाज परतला नाही. दोन दिवसांनी त्यांना दवाखान्यात नेलं.

ऑपरेशन नीट झालं. काकू घरी आल्या त्या गळ्याला पांढरी पट्टी आणि हातात पाटी घेऊन. अकरा धवले स्वच्छ उतरले आहेत, हे मी काकांना पुन्हा पुन्हा सांगत होते. ते ऐकत नव्हते. एका दुपारी जिन्यात गाठून म्हणाले, "पयल्या दिवशी तिनं तो अख्खा गायला होता, मॅडम. हॉलमदी. घुमत होता म्हनून मी पुसून टाकला." एवढा धिप्पाड माणूस कठड्याला धरून उभा होता. मागे दारात काकू आल्या होत्या. त्यांनी पाटीवर काहीतरी लिहून आमच्यासमोर धरली: "जेवायला चला."

रजया ज्याच्या त्याच्या घरी गेल्या. आता दुपारी क्लासवरून येताना त्यांचं दार बरेचदा उघडं दिसतं. पाटीवर लिहायला घेतलं की काकूंना शब्द आठवत नाहीत, ते चालीतच येतात, म्हणून त्या समोर बसून आवाजाविना ओठ हलवतात, काका ते ओठ वाचून एकेक शब्द वहीत लिहितात आणि मग हॉर्नसारख्या भसाड्या गळ्याने ती ओळ गाऊन दाखवतात. चाल चुकली की काकू त्यांच्या गुडघ्यावर चापट मारतात, बोटाने हवेत सूर वर नेऊन दाखवतात आणि काका निमूटपणे पुन्हा पहिल्यापासून धरतात. चार महिने झाले. धवला अजून दुसऱ्या कडव्यापुढे गेलेला नाही.