श्रावणातले लठ्ठ उंदीर

माझी धाकटी बहीण सुमन गेल्याचा निरोप ऑफिसात फोनवर आला. मी टेबल आवरलं, कपाटाला कुलूप लावलं आणि निघाले. कावीळ अंगात मुरली होती, डॉक्टरांनी आदल्या दिवशीच कल्पना दिली होती. रडायचं तेवढं रडले. पण पाचव्या दिवशी तिचे सर भेटायला आले आणि माझं रडू आटलं ते आटलंच...

सुमन बोरिवलीत एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत तात्पुरत्या जागेवर होती. रानउंदरांच्या अंगात कुठल्या ऋतूत किती चरबी साठते, हे सरांना शोधायचं होतं. शोधायचं त्यांना, चिखलात जायचं हिला. ब्याऐंशी साली दर पंधरवड्याला ती दहिसरकडच्या भातशेतांच्या बांधावर संध्याकाळी पिंजरे लावायची, उजाडता उचलायची. मग उंदीर भट्टीत वाळवून वजन करायचं, चरबी रसायनात विरघळवून काढायची, पुन्हा वजन. घटलं तेवढी चरबी. "ताई, ही त्याची बेगमी गं. खायला मिळेनासं झालं की हिच्यावर दिवस काढायचे," ती सांगायची.

आमिष म्हणजे घरी भाजलेलं सुकट. श्रावण लागला तशी आई कडाडली, "माज्या घरात आता सुकटाचो वास येवक नको, सांगान ठेवतंय!"

"आई, उंदरांना कुठे श्रावण असतो?"

"माका असता!"

मग महिनाभर पिंजऱ्यात खोबरं. उंदरांनी ते पोटभर हाणलं आणि सुमनने उंदीर पोटासकट वाळवले. श्रावणात चरबी एकदम चढली! चढणारच, पोटात खोबऱ्याचं तेल होतं. चूक तिचीच, आणि ती पहिल्यांदा कळली तीही तिलाच. पुढच्या वर्षी तिनं प्रत्येक पोट रिकामं करून वजनं केली, नव्या वहीत लिहिली. श्रावणातली चढण गायब. उंदीर खरा भरतो भातकापणीनंतर, आणि उन्हाळा सरेपर्यंत हाडावर येतो. पिलांना पाजणाऱ्या माद्या तर पार वाळलेल्या.

ती वही घेऊन ती सरांकडे धावली. पण सरांनी पहिल्या वहीवरून निबंध छापूनही टाकला होता, एकट्याच्या नावावर. श्रावणातले लठ्ठ उंदीर हाच त्यांचा मोठा शोध.

"मग काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, छापून झालंय, आता ढवळू नका."

"आणि तू गप्प बसलीस, सुमे?"

"नोकरी आहे ना गं..."

पुढच्या जूनमध्ये नोकरीही राहिली नाही. सरांनी मुदतवाढीसाठी तिचं नाव पुढे पाठवलंच नाही.

तर पाचव्या दिवशी हे सर आले. अर्धा चहा झाल्यावर विषय निघाला. दुसऱ्या एका कॉलेजातल्या लोकांना श्रावणात लठ्ठ उंदीर सापडेनात, त्यांनी सरांना पत्रानं कारण विचारलं होतं.

"सुमनबाईंची ती दुसरी वही घरात असेल ना? उगाच रद्दीत जाईल हो."

"आमच्याकडे रद्दी मीच बघते," मी म्हटलं. "कारण मात्र सांगते, लिहून घ्या. आमच्या आईचा श्रावण."

त्यांना कळलं नाही. दुसरी वही उघडूनही न पाहणाऱ्याला कळणार कसं? म्हणून आज सगळ्यांना कळेल असं लिहिलं. लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर लिहिताना मनात राग ठेवू नये. मी ठेवणार. सुमननं ठेवला नाही, त्याचं काय झालं ते पाहिलंय.

वही तिच्या खोलीत, टेबलावर आहे. रविवारी दुपारी प्रयोगशाळेत तिच्या हाताखाली शिकलेले दोन-तीन विद्यार्थी येऊन उतरवून घेतात. ते त्या पत्र लिहिणाऱ्यांना पाठवायचं ठरलंय. मी चहा ठेवते. सरांनीही यावं, इथे बसून वाचावं. वही बाहेर जाणार नाही. तिच्यात महिने होते, भात होतं, खोबरं होतं, पुठ्ठ्यावर तिचं नाव तेवढं नव्हतं. सुमनला ते कधी सुचलंच नाही. परवा मी दौत उघडली आणि ठळक अक्षरात घातलं.